वाचक विचारतात : चिठ्ठी टाकून औषध ठरते तेव्हा

संसर्गजन्य रोगांची तपासणी, त्यांवरील औषधे आणि लशी यांच्या अभ्यासाविषयी गेल्या काही महिन्यांत सीमाभागातून बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रे घरातल्या आजारपणाची असल्यामुळे नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, माझी सून सात महिन्यांची गरोदर आहे. आशाताईंबरोबर दोन बाया घरी आल्या आणि एका अभ्यासात सुनेचे नाव घालता का, असे त्यांनी विचारले. बाळंतपणात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून औषध द्यायचे आहे, पण खरे औषध कोणाला आणि नुसती गोळी कोणाला हे संगणकावरच्या चिठ्ठीने ठरणार म्हणे. चार पानांचा कागद कन्नडमध्ये आहे. सून मराठी शाळेत शिकलेली, मला तर सहीपुरतेच येते. आमच्यावर प्रयोग चालला आहे काय? सही करू द्यावी का? — एक वाचिका, येळ्ळूर

उत्तर : ताई, आधी चिठ्ठीचे सांगतो, कारण तुमच्या मनाला खरी टोचणी तिचीच लागलेली दिसते. लेकीसुनेचे औषध चिठ्ठीवर सोडले जाते हे ऐकून कोणालाही वाईट वाटेल. वैद्यकात मात्र ही चिठ्ठी आली ती पक्षपात टाळण्यासाठी. नवे औषध कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवले, तर नकळत का होईना, ज्याची तब्येत बरी आहे किंवा ज्याच्याकडून आशा आहे अशाच रुग्णाला ते दिले जाते. मग रुग्ण बरा झाला की तो औषधाने बरा झाला की मुळातच धडधाकट होता म्हणून, हे कोणालाच सांगता येत नाही.

याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण क्षयरोगाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन फार थोडे उपलब्ध होते आणि सगळ्यांना पुरणार नव्हते. तेव्हा १०७ रुग्णांची वाटणी बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनी झाली. ५५ जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, ५२ जणांना त्या काळी रूढ असलेली केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. हा निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि औषध काम करते की नाही यावरचा वाद त्या आकड्यांनी मिटला. दोन्ही गट सारखे होते आणि फरक फक्त औषधाचा होता, म्हणूनच त्या आकड्यांना किंमत आली.

नुसत्या गोळीला प्लासिबो म्हणतात. ती दिसायला हुबेहूब खऱ्या गोळीसारखी असते, तिच्यात औषध मात्र नसते. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही माहीत नसले, म्हणजे तपासताना मन एका बाजूला झुकत नाही. मात्र ज्या आजारावर खात्रीचे औषध आधीपासून आहे, तेथे ते काढून घेऊन प्लासिबो देणे योग्य नव्हे. म्हणून तुमचा पहिला प्रश्न असा असावा : ‘गोळी कोणतीही मिळाली, तरी बाळंतपणाची नेहमीची सगळी काळजी सुनेला मिळेल ना, आणि ताप आला किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त जाऊ लागले, तर लगेच उपचार होतील ना?’ याचे उत्तर स्पष्ट ‘हो’ असे आणि कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

आता कागदाविषयी, आणि येथे मला जरा ठामपणे लिहायचे आहे. सहभागी होणाऱ्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती मिळालीच पाहिजे, असे नव्या औषधांच्या चाचण्यांसाठीचे २०१९ चे केंद्र सरकारचे नियम सांगतात, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. ‘समजेल अशी भाषा’ म्हणजे राज्याची राजभाषा नव्हे, तर त्या बाईची भाषा. येळ्ळूरच्या सुनेसाठी ती मराठी असेल आणि शेजारच्या गावातील बाईसाठी कन्नड असेल. मराठी प्रत मागण्यात भांडण नाही आणि उपकारही नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याला सगळा मजकूर वाचून दाखवावा लागतो. त्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर असावा लागतो आणि त्यालाही सही करावी लागते. सही झाल्यावर एक प्रत तुमच्या घरी राहिली पाहिजे.

मी नुकताच शिकून बाहेर पडलो होतो तेव्हाची एक गोष्ट. एका दवाखान्यात एका बाईंपुढे असाच कागद आला, शाईची डबी उघडली गेली आणि पहिले पान वाचून दाखवण्याआधीच त्यांचा अंगठा उमटलाही. त्यांनी अंगठा पदराला पुसला, पदरावर निळा डाग राहिला, आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “आता कुठल्या खोलीत जायचं?” त्यांना वाटले होते की केसपेपर निघाला. मी त्या वेळी गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला आजही बोचते, आणि संमतीपत्राविषयी मी इतक्या वेळा लिहितो त्याचे कारणही तेच आहे.

राहिली सही. ती सुनेची आहे. तुमची नाही आणि मुलाचीही नाही. घरात बोलणे व्हावे, तुम्ही शंका विचाराव्यात, पण हो किंवा नाही हे तिने म्हणायचे आहे. दोन दिवस विचार करायला मागितले, तर ते मिळाले पाहिजेत. नको म्हटल्याने दवाखान्यातील कोणतीही सेवा बंद होत नाही, आणि हो म्हटल्यानंतरही कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येते. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत असतात आणि भरपाईचीही तरतूद आहे. कागदावर सीटीआरआय, म्हणजे देशातील चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीचा क्रमांक आणि नैतिकता समितीचा, म्हणजे सहभागी लोकांचे हित जपले जाते ना ते पाहणाऱ्या मंडळाचा, फोन नंबर असतो. ते दोन्ही दिसत नसतील, तर सहीची घाई करू नये. दिसत असतील, माहिती मराठीतून समजली असेल आणि सुनेची तयारी असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. बाळंतपणात हमखास वापरल्या जाणाऱ्या कितीतरी औषधांची पारख याच वाटेने झाली आहे.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. जांबोटी भागातून दर वर्षी बरेच जण काजूच्या हंगामाला गोव्यात जातात, माझे दोघे भाऊही जातात. सत्तरीकडे गेलेल्या आपल्या जिल्ह्यातील लोकांना माकडताप झाला होता असे ऐकले. त्याची तपासणी कुठली करतात? शिमोग्याकडे लस देत होते, ती आता का देत नाहीत? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे. बेळगाव जिल्ह्यातून सत्तरी तालुक्यात काजूच्या कामाला गेलेल्या मजुरांमध्ये २०१६ च्या हंगामात माकडताप आढळला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. हा रोग प्रथम १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. माकडे मरून पडत होती आणि मागोमाग माणसे तापाने फणफणत होती, म्हणून सुरुवातीला पीतज्वराचा संशय आला होता. अनेक वर्षे तो त्या परिसरापुरता राहिला. अलीकडे मात्र गोव्यात आणि शेजारच्या दोडामार्गात तो दिसू लागला आहे.

विषाणू पसरवते ती गोचीड. आजारी वानर किंवा माकड मरते तेव्हा त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात गळतात. त्यांची पिल्ले मोहरीच्या दाण्याएवढी, कधी त्याहूनही बारीक असतात. बोंडे वेचायला वाकलेल्या माणसाच्या पायावर ती कधी चढली ते कळतही नाही. एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग होत नाही, त्यामुळे आजारी भावाला घराबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

तपासणीच्या बाबतीत दिवस मोजणे फार महत्त्वाचे असते. ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर तपासणी त्याला पकडते. साधारण आठवड्यानंतर विषाणू रक्तातून ओसरतो आणि त्याच्याशी लढणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, शरीरात तयार झालेली असतात, ती एलायझा तपासणीत दिसतात. चुकीच्या दिवशी चुकीची तपासणी केली, तर अहवाल ‘नाही’ असा येतो आणि माणूस निर्धास्त होतो. प्लेटलेट कमी झाल्याने पुष्कळदा डेंग्यूच समजला जातो. म्हणून भाऊ तापाने परत आले, तर डॉक्टरांना तापाचा कितवा दिवस आहे हे सांगावे, आणि त्याआधी ‘गोव्यात काजूच्या बागेत होतो’ हे वाक्य सांगावे. या एका वाक्याने रक्ताचा नमुना योग्य प्रयोगशाळेकडे जातो. काही रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि डोके दुखणे, मान ताठणे, हात थरथरणे सुरू होते. अशा वेळी पुन्हा दवाखाना गाठावा. या रोगावर खास औषध नाही, पण पाण्याचे प्रमाण राखणे आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणे याने जीव वाचतात. अंगदुखीसाठी अॅस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

लशीची कथा उद्बोधक आहे. कर्नाटकात पूर्वी दिल्या जाणाऱ्या लशीची पारख शिमोग्यात झाली, पण ती चिठ्ठी टाकून नव्हे, तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांतील आजाराचे प्रमाण ताडून. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन डोसांनी ६२.४ टक्के आणि वर बूस्टर घेतल्यास ८२.९ टक्के संरक्षण दिसले. एका डोसाचा उपयोग दिसला नाही. संरक्षण लवकर ओसरत असल्याने बूस्टर पुनःपुन्हा घ्यावे लागत होते, सुई दुखत असे, आणि लोक दुसऱ्या डोसाला येत नसत. पुढे लस घेतलेल्यांनाही रोग होऊ लागला आणि अखेर ती देणे थांबले. एकदा उपयोगी ठरलेली लस पुन्हा तपासत राहावी लागते, हे त्यातून दिसले. आता लस नसल्याने भावांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे, विजारीची टोके मोज्यांत खोचणे, आरोग्य खाते देते ते गोचीड पळवणारे तेल आणि कामावरून आल्याबरोबर गरम पाण्याने अंघोळ, एवढेच हातात आहे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता वनखात्याला कळवावे.

प्रश्न : माझी आई विड्या वळते. तिला महिनाभर खोकला होता. थुंकीच्या तपासणीत काही निघाले नाही, नंतर दुसऱ्या मशीनवर टीबी निघाला. पहिल्यांदा चूक झाली का? घरात आम्ही पाच जण आहोत. तिला वेगळे ठेवावे का? आणि ‘चांगले खाऊ घाला’ असे सगळे सांगतात, त्याने खरेच फरक पडतो का? — एक वाचिका, निपाणी

उत्तर : चूक झालीच असेल असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. जंतूंची जनुके शोधणाऱ्या यंत्राला शंभर-दीडशेही पुरतात. शिवाय रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही त्यातून कळते. अशाच कामाचे ट्रूनॅट हे यंत्र शेजारच्या गोव्यातील कंपनी बनवते आणि ते बॅटरीवरही चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली, तीही अनेक ठिकाणच्या रुग्णांवर तुलना करून पाहिल्यानंतर. दुसरी शक्यता नमुन्याची आहे. डबीत लाळ गेली, तर कोणतेही यंत्र निरुपयोगी ठरते. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून आलेला बेडका द्यावा लागतो, आणि हे रुग्णाला दाखवून सांगावे लागते.

आईला मामाकडे पाठवू नका आणि ताट-वाटीही वेगळी करू नका. जुन्या माणसांना मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनिटोरियम आठवत असेल. क्षय म्हटला की घर सोडायचे हाच तेव्हा रिवाज होता. तो मोडला मद्रासच्या अभ्यासाने. १९५६ पासून १९३ रुग्णांना चिठ्ठीने निम्मे घरी आणि निम्मे सॅनिटोरियममध्ये ठेवून तीच औषधे दिली गेली. घरचे रुग्ण दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होते, जेवणही बेताचेच होते, तरी त्यांच्या बरे होण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि त्यांच्या घरच्यांना टीबी अधिक झाला असेही दिसले नाही. औषध सुरू झाले की संसर्ग झपाट्याने कमी होतो. खिडक्या उघड्या ठेवा, आईने खोकताना तोंडावर पदर धरावा, आणि तुम्हा पाचही जणांची तपासणी करून घ्या. टीबी नसला, तर तो होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्याही सरकारी दवाखान्यात मिळतात.

खाण्याबद्दलचे उत्तर आता अंदाजाने देण्याची गरज उरलेली नाही. मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसह झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे यांचा अभ्यास केला. रुग्णांना सगळीकडे शिधा मिळाला. घरच्यांना मात्र चिठ्ठीने निवडलेल्या भागांतच मिळाला : माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. जेथे घरच्यांनाही शिधा मिळाला, तेथे त्यांच्यातील टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि तपासणीत जंतू सापडलेल्या टीबीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळ, एवढ्यावर! निक्षय पोषण योजनेतून आईला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. ते खात्यावर येत आहेत ना ते पाहा, आणि डाळ पाचही ताटांत वाढा.

प्रश्न : कुत्रा चावल्यावर घ्यायच्या नव्या लशीच्या चाचणीतही काहींना खोटी सुई देतात का? — एक विद्यार्थी, संकेश्वर

उत्तर : नाही. रेबीज झाला की जवळजवळ कोणीच वाचत नाही, म्हणून चावा झालेल्या कोणालाही लशीशिवाय ठेवता येत नाही. नव्या लशीची तुलना जुन्या, खात्रीच्या लशीशी करतात, आणि चौदाव्या दिवशी रक्तातील प्रतिपिंडे मिलिलिटरमागे ०.५ एककांपर्यंत पोचली का ते पाहतात. कातडीत थोडी थोडी लस देऊन ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी डोस पूर्ण करण्याची पद्धत अशाच तुलनेतून रूढ झाली. जखम साबण लावून १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुणे मात्र दवाखान्यात पोचण्याआधीचे काम आहे, आणि तेथे हळद-चुना भरणे सोडायला हवे.

प्रश्न : कोरोनात माझ्या भावासाठी आम्ही प्लाझ्मा मिळवायला बेळगाव, कोल्हापूर, हुबळी पालथे घातले. नंतर तो निरुपयोगी असल्याचे वाचले. मग डॉक्टर मागत होते ते का? — एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

उत्तर : गुरुजी, तुमची धावपळ प्रेमापोटी होती, तिचा पश्चात्ताप करू नये. डॉक्टरांकडे तेव्हा आशा होती, पुरावा नव्हता. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे आजाऱ्याला उपयोगी पडतील, हा तर्क जुना आणि पटणारा आहे. तर्क पटणारा असला की तपासण्याचा कंटाळा येतो, तेथेच घोटाळा होतो. आपल्याच देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये चाचणी झाली, आणि प्लाझ्मा दिल्याने आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळला नाही असे त्यात दिसले. त्याच वर्षी ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. दोन्ही निष्कर्ष ऐन साथीत, काही महिन्यांत हाती आले. माझा आक्षेप आहे तो पहिला निष्कर्ष आल्यावरही काही महिने नातेवाइकांना प्लाझ्मासाठी पळवले गेले याला. तुमच्या घराजवळच्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे. त्या गावाला पुराव्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर अँटिबायोटिक देण्याच्या एका मोठ्या अभ्यासात बेळगाव भागातील बायका होत्या, माझी जाऊही होती. त्यातून काय निघाले? — एक वाचिका, बेळगाव तालुका

उत्तर : पुष्कळ निघाले, आणि तुमच्या जावेला ते अभिमानाने सांगा. भारतात बेळगाव आणि नागपूर, आणि त्याशिवाय काँगो, केनिया, झांबिया, बांगलादेश, पाकिस्तान, ग्वाटेमाला अशा सात देशांतील २९,२७८ महिला या अभ्यासात होत्या. नैसर्गिक बाळंतपण अपेक्षित असलेल्या महिलेला कळा सुरू असताना अॅझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एकच डोस किंवा प्लासिबो मिळाला. निष्कर्ष २०२३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले. प्लासिबोच्या गटात हजारामागे २४ मातांना रक्तात पसरणारा गंभीर जंतुदोष झाला किंवा मृत्यू आला. औषधाच्या गटात ही संख्या १६ होती. मातांना होणारा फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरलेल्या वेळेआधी थांबवण्यात आली. नवजात बाळांना मात्र काही फरक पडला नाही, आणि तेही संशोधकांनी तितक्याच स्पष्टपणे मांडले.

जावेला यांपैकी कोणती गोळी मिळाली होती हे तिच्याजवळच्या संमतीपत्रावरील नंबरावर विचारता येईल. तिला प्लासिबो मिळाला असला, तरी तिचा वाटा कमी होत नाही, कारण तो २४ चा आकडा नसता, तर १६ ला काहीच अर्थ उरला नसता. एक सूचना मात्र आहे. हे वाचून घरातील कोणा गरोदर बाईसाठी औषधाच्या दुकानातून अॅझिथ्रोमायसिन आणून ठेवू नका. तो डोस कळा सुरू असताना, दवाखान्यात, डॉक्टर किंवा नर्सबाईंच्या देखरेखीखालीच द्यायचा असतो. जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची भीतीही खरी आहे, म्हणून तो कोणाला द्यावा हे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवले पाहिजे.